ठिपक्याच्या आत

फॉरेस्टच्या गेडाम गार्डनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "नितेश, हे आकडे तुझ्या नकाशात टाक. कोणाचं झाड येतं ते पाहू."

गोटुलासमोर, म्हणजे आमच्या गावसभेच्या मांडवासमोर, बरीच माणसं जमली होती. आदल्या दुपारी जंगलात आग लागली होती. पोरांनी हिरव्या डहाळ्या मारून मारून ती विझवली, फार पसरू दिली नाही. कुठून सुटली ते मात्र धुरात कोणाला कळलं नाही. पण वरून जाणाऱ्या सॅटेलाइटला ती दिसली आणि गार्डच्या मोबाइलवर मेसेज आला. इतके अक्षांश, इतके रेखांश, इथं आग.

नकाशा माझाच होता. आमच्या येरमटोल्याला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तेव्हा गावसभेनं ठरवलं की मोहाची झाडं मोजून ठेवायची. आमच्याकडे मोहाचं झाड कुठल्या ना कुठल्या घरचं असतं. जमीन कोणाचीही असो. आजाकडून बापाकडे, बापाकडून लेकाकडे असं ते येतं, आणि त्याखालचं फूल दुसरं कोणी उचलत नाही. मी बारावी करून घरीच होतो. व्हिडिओ पाहून पाहून नकाशे करायला शिकलो होतो. उन्हात हिंडून मी एकेका झाडाला मोबाइल टेकवला आणि घराचं नाव टाकलं. गावानं माझं नाव 'कॉम्प्युटर' ठेवलं ते तेव्हापासून.

मी आकडे टाकले. लाल ठिपका उमटला. बरोब्बर एका झाडावर.

"कोणाचं हाय?" मनकू काकांनी विचारलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच वाचलं.

"रैसाबाई नैताम."

रैसाबाई म्हणजे माझी मोठी माय. माझ्या बापाच्या चुलतभावाची बायको. मोठा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. घरात ती एकटी आणि जंगलात तिची मोहाची झाडं. फुलं वेचायची, वाळवायची, विकायची. तेल-मीठ, दवाखाना, लुगडं, सगळं त्यातूनच.

आणि गावसभेचा नियम होता: ज्याच्या झाडाखाली आग, त्याची झाडं त्या हंगामात बंद, फूल वेचायचं नाही.

हा नियम मनकू काकांनीच आणला होता. उगाच नव्हता आणला. दोन वर्षांपूर्वीच्या आगीत गावाचा अख्खा बांबू गेला होता. त्याच बांबूच्या तोडणीवर गावाला वर्षभर काम मिळणार होतं. ती विझवायला मनकू काका सगळ्यांत पुढं होते. त्यांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत अजून पिवळसर, ताणलेली दिसते.

"सॅटेलाइट काही कोणाचा सोयरा नाही," ते म्हणाले. "त्याले ना मनकूशी घेणं, ना रैसाशी. त्यानं पाह्यलं ते सांगितलं."

आमचे अध्यक्ष दसरू काका तंबाखू मळत होते. "आता फुलं पडायले किती दिवस राह्यले?"

"आठ-पंधरा दिवस."

"मग परवा सभा. तिथंच बोलू."

---

मी सरळ मोठ्या मायकडे गेलो. ती अंगणात बसून फाटकी टोपली बांधत होती.

"ये गा. माझं नाव आभाळातून आलं म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"तू यायच्या आधी चार बाया येऊन गेल्या. एक तर वर पाहूनच बोलत होती, सॅटेलाइट ऐकन म्हणून."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मोठी माय, तू लावली का?"

तिनं बांबूची कामटी दातात धरली, ताणली, गाठ मारली.

"चाय मांडू?"

"मी काय विचारलं?"

"मीबी विचारलंच ना. चाय मांडू का नको?"

चहा झाला. ती एकदाच बोलली त्या विषयावर, तेही माझ्याकडे न पाहता. "झाडं बंद झाली तर मी पोरीकडे जाईन. जावई चांगला हाय. पण लेकीच्या सासरी पाहुण्यासारखं किती दिवस राहावं माणसानं?"

मी कप ठेवला आणि निघालो.

---

आमच्याकडे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर यायचं. भर उन्हात मी वर चढलो. लोखंडी शिडी हाताला चटके देत होती. मनात काय होतं सांगू? सॅटेलाइटची चूक शोधायची होती. काहीही सापडावं. मशीन बिघडलं, ढग होते, काहीही.

चूक नाही सापडली. उलट किती काळजीनं ते काम चालतं तेच वाचत गेलो. इंग्रजीत होतं सगळं, शब्दाशब्दाला अडत होतो. पण एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सॅटेलाइट जमिनीकडे पाहतो तेव्हा त्याला झाड दिसत नाही. त्याला चौकोन दिसतो. एक बाजू साधारण पावणेचारशे मीटर. त्या चौकोनात कुठंतरी आजूबाजूपेक्षा जास्त गरम आहे एवढंच त्याला कळतं. मग तो त्या चौकोनाच्या मधोमध एक ठिपका ठेवून देतो.

मधोमध. आग कुठं आहे तिथं नाही.

टाकीवरूनच मी गेडाम साहेबांना फोन लावला.

"साहेब, तो ठिपका म्हणजे चौकोन आहे. मोठा."

"हो, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं तसं," ते म्हणाले. "पण मेसेजमध्ये चौकोन येत नाही ना बाबा. ठिपका येतो. मग आम्ही ठिपक्यावर जातो आणि तिथून शोधत सुटतो."

"आणि तिथं कोणाचं झाड असलं तर?"

"आतापर्यंत कोणाकडे झाडांचा नकाशाच नव्हता," ते म्हणाले. "तुमच्याच गावात आहे."

---

सभेला अख्खं गाव आलं. गोटुलात माणसं पुढं आणि बाया खांबांच्या मागं, नेहमीसारख्या. आमच्या सभेत मतं मोजत नाहीत. सगळे हो म्हणाले तरच ठराव. एकजण जरी नाही म्हणाला तर जुनं आहे तसं चालतं. म्हणजे नियम बदलायचा तर मनकू काकांनी हो म्हणायला हवं होतं.

मी उभा राहिलो. मोबाइल दाखवून चौकोनाचं सांगितलं. कोणाला काही कळलं नाही. चेहऱ्यांवरून दिसतच होतं.

"अरे कॉम्प्युटर, मराठीत सांग," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरं. समजा मी रस्त्यानं चाललोय आणि मटणाचा वास आला. म्हणजे या टोल्यात, या वस्तीत, कोणाच्या तरी घरी मटण शिजतंय. एवढं नक्की?"

"नक्की."

"पण कोणाच्या घरी?"

"दसरूच्या," तिघं-चौघं एकदम बोलले आणि गोटूल हसलं. दसरू काकाही हसले.

"पाहा, तुम्ही वासावरून घर नाही सांगितलं. तुम्हाला दसरू काका माहीत आहेत म्हणून सांगितलं. सॅटेलाइटला कोणीच माहीत नाही. त्याला वास येतो आणि तो टोल्याच्या मधोमध बोट ठेवतो. मधोमध घर रैसाबाईचं निघालं."

मनकू काका हसले नव्हते. "तुझी मोठी माय हाय म्हणून तू हे शोधून काढलं."

"हो काका. तिचं नाव नसतं तर मी टाकीवर चढलोच नसतो. पण म्हणून ते खोटं होत नाही."

त्यांनी मोबाइलकडे हात केला. "मग केवढा हाय तुझा चौकोन? हा गोटूल एवढा?"

"गोटुलापेक्षा पुष्कळ मोठा."

"बोलून नको सांगू. दाखव."

मी दसरू काकांकडे पाहिलं. ते उठलेच. "चला मग. सभा तिकडंच घेऊ. म्हाताऱ्यांनी पाणी घेऊन घ्या."

---

जंगलात पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी मोबाइल पाहत चार कोपरे काढले आणि प्रत्येक कोपऱ्यावर एकेकाला उभं केलं. मग बाकीच्यांना सांगितलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पसरून उभे राहा, शेजारच्याची हाक ऐकू येईल एवढ्यावर.

गोंधळ झाला आधी. पोरं पळत होती, कोणी ओढ्यात उतरलं, कोणी म्हणालं मी बायकोजवळ उभा राहणार नाही, घरी पुरतं तेवढं. पण हळूहळू रांग लागली. मग एका कोपऱ्यावरून दसरू काकांनी "होओओ" केलं आणि ती हाक माणसामाणसांतून फिरत फिरत आमच्या मागून परत त्यांच्याकडे आली.

किती वेळ लागला तिला यायला.

अख्खं गाव उभं होतं आणि तरी गाव पुरत नव्हतं. अध्येमध्ये जागा रिकामी होती. ज्या ठिपक्याला मी नखानं झाकलं असतं तो एवढा होता.

"आता आत या," मी ओरडलो. "सरळ मधे. वाटेत आपापली झाडं पाहत या."

लोक चारी बाजूंनी आत चालायला लागले. मनकू काका माझ्याच बाजूला होते. बघता बघता ते थांबले. एका मोहाखाली गोल काळी राख होती. झाड उसेंडींचं. पुढं अजून एक, हलामींचं. काही राख जुनी, पानांनी झाकलेली. काही ताजी. प्रत्येकाखाली लहानशी, नीट लावलेली, नीट विझवलेली आग. त्यातली एक कोणती तरी सुटली होती एवढंच.

मधोमध मोठ्या मायचं झाड. त्याखालीही राख.

मी लगेच बोलायला लागलो. "पाहिलं ना काका? सगळीकडे आहे. ठिपक्यावरून कोणाचं नाव घेताच येत नाही. कुठून सुटली ते—"

"मी लावली होती," मोठी माय म्हणाली.

टाकी, इंग्रजी, चौकोन, सगळं तिनं एका वाक्यात मोडून टाकलं.

"कशाले बोलते तू!" मी पुटपुटलो.

"तू गप. तू तुझं सांगितलं, बरोबर सांगितलं. आता मी माझं सांगते." ती गावाकडे वळली. "माझ्या झाडाखालचा पाला मी जाळला. पेटवून बाजूलाच बसली होती, विझवून गेली. सुटली ती माझी का दुसऱ्याची, देवाले माहीत. पण जाळला मी."

मनकू काका म्हणाले, "मग झालं ना वो. सॅटेलाइटचं काम नाही अन् चौकोनाचंबी नाही."

"काहून जाळला, ते विचार ना मनकू."

"काहून?"

"फूल पहाटे पडते. पाल्यात पडलं तर दिसत नाही, दुपारपर्यंत काळं होते. मागच्या साली तुमचा नियम पाळला. खराटा घेऊन लोटला. चार झाडांचा पाला, एक बाई. इकडचं लोटून तिकडं गेली, वारं आलं, परत भरलं. अर्धी फुलं सडली. कमरेनं उठता येईना. या साली म्हटलं, नियम बनवणारे येऊन लोटून देतील का? कोणी आलं नाही. मग काडी लावली."

कोणी खाकरलं. कोणी पायानं माती उकरत होतं. दसरू काकांनी विचारलं, "अजून कोणी बोलणार?"

मग बायांच्या घोळक्यातून आवाज आला.

"आपल्याबी झाडाखाली हाय राख."

आवाज मनकू काकांच्या बायकोचा होता. सुकतीबाईचा.

मनकू काका असे वळले की जणू कोणी मागून हाक मारली आणि ओळखीचं कोणी दिसलं नाही. "आपल्या?"

"त्या तिकडं. वारुळाजवळच्या."

"कोणं लावली?"

"मी नाही तर कोणं? तुमी कधी पाला लोटला? वेचायले कधी आले? तुमी गोटुलात बसून ठरवलं, आग नाही लावायची. घरी येऊन विचारलं का, मग पाला कसा उचलते म्हणून?"

एक पोरगा हसला आणि त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग एकेक करून बाया बोलायला लागल्या. आमच्याही. आमच्याही. माझ्या आईनंसुद्धा हळूच हात वर केला. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "तू नकाशाच करत होता ना गा, तुले कुठं वेळ होता."

मनकू काका झाडाला टेकून उभे होते. डावा हात उजव्या हाताच्या जळलेल्या कातडीवरून फिरत होता. मला वाटलं आता हा माणूस सुकतीकाकूवर ओरडणार. पण ते ओरडले नाहीत.

"मग नियमानं माझीबी झाडं बंद," ते म्हणाले.

"सगळ्यांचीच बंद," दसरू काका म्हणाले. "चौकोनातलं एक झाड नाही राहत मनकू. मग वेचते कोण? वांदरं?"

"वेचू द्या वांदराले. पण नियम सोडला तर पुढच्या साली परत बांबू जाईल. मी नाही म्हणेन. मी नाहीच म्हणतो."

झालं. एक नाही म्हणजे नाही. मोठ्या मायनं पदर डोक्यावर घेतला. तिचा चेहरा मला दिसेना.

मग सुकतीकाकू पुढं आली. नवऱ्याच्या अगदी समोर. "नियम सोडा म्हणून कोण म्हणते? आतापर्यंतची राख माफ करा, अन् नियमाच्या आधी एक काम ठेवा. पाला सगळ्या गावानं उचलायचा. फुलं पडायच्या आधी. माणसांनीबी. एकेका भागात सगळे मिळून. रैसाबाईसारख्या एकट्या बाया हायेत, त्यांच्या झाडापासून सुरू."

"अन् एवढं करून कोणं काडी लावली तर?"

"तर झाड बंद," मोठी माय पदराआडून म्हणाली. "पहिलं माझं करा."

मनकू काकांनी माझ्याकडे बोट केलं. "अन् हा कॉम्प्युटर? उद्या परत ठिपका आला, परत कोणाचं तरी नाव येईल."

"नाव नाही येणार," मी म्हणालो. "ठिपका आला की आधी असंच चालायचं. सगळ्यांनी. चौकोन चालून झाल्याशिवाय नाव घ्यायचं नाही."

ते विचार करत होते. आम्ही सगळे त्यांच्या विचार करण्याकडे पाहत होतो.

"पाला उचलायचा तर टाकायचा कुठं?" मनकू काकांनी विचारलं.

प्रश्न विचारला म्हणजे माणूस अर्धा आत आला. दसरू काकांच्या लक्षात आलं ते. "खड्ड्यात. खत होईल. धानाले चालते."

"खड्डे कोण खोदते?"

"तू."

"मी एकटा?"

"एकटीनं तर रैसाबाईनं पाला लोटला ना गा," दसरू काका म्हणाले.

मनकू काकांनी खाली वाकून मोठ्या मायच्या झाडाखाली राखेवर पुन्हा पडलेला मूठभर पाला उचलला. चुरला. तळहातावरून उडवला.

"हो," ते म्हणाले. "ठराव लिहा. मी हो म्हणतो."

---

दुसऱ्या दिवशीपासून काम सुरू झालं. माणसांना खराटा धरता येत नव्हता. बाया बसून हसत होत्या, "जोरानं नका मारू, जमीन हाय, साप नाही." मनकू काकांनी खड्डे खोदले, शिव्या देत खोदले, पण खोदले.

त्या हंगामात आमच्या जंगलात एकही ठिपका आला नाही. मला वाटलं मेसेजच बंद पडले. गेडाम साहेबांना विचारलं तर म्हणाले, आजूबाजूला रोज येतायत, तुमच्याकडेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी शेजारची दोन गावं आणली, चौकोन चालून दाखवा म्हणून. मग तालुक्याला बैठक झाली. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, तुझं शिक्षण काय, आणि मी बारावी म्हणालो तरी त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. आता आमच्या भागात ठिपक्यावरून कारवाई करायच्या आधी गार्ड गावासोबत चौकोन चालतात. तसं कागदावर आहे. मेसेजमध्ये अजूनही ठिपकाच येतो. मी त्याच्यामागं लागलोय.

पण मला ती पहिली पहाट सांगायची आहे.

फुलं पडायला लागली तेव्हा मी मोठ्या मायसोबत गेलो. झाडाखालची जमीन अंगणासारखी झाली होती. पिवळी पांढरी फुलं टपटप पडत होती आणि पडली तिथंच दिसत होती. वारुळाकडून सुकतीकाकूचा आवाज येत होता, ती मनकू काकांना वेचायला शिकवत होती आणि ते ऐकत नव्हते.

मोठी माय उकिडवी बसून भराभर वेचत होती. मधेच थांबली, वर पाहिलं.

"हे दिसते का गा त्याले? वरून?"

"नाही. त्याला फक्त आग दिसते."

"बरं हाय," ती म्हणाली. "नाहीतर कोणाच्या टोपल्यात किती, तेबी सांगत बसला असता." आणि टोपली पुढं सरकवत मला म्हणाली, "उभा काय राह्यला? वेच."